कोणते कर्वे?

मंडळी, पुण्यात ‘कर्वे’ म्हटलं की आधी रस्ता आठवतो, मग कर्वेनगर. मुंबईकरांकडे महर्षी कर्वे मार्ग आहे, पूर्वीचा क्वीन्स रोड. हा सगळा मान धोंडो केशवांचा, आणि तो त्यांना मिळायलाच हवा. १८९३ साली विधवेशी लग्न केलं म्हणून मुरुडच्या गावकऱ्यांनी वाळीत टाकलेल्या माणसाने पुढे १९१६ साली महिला विद्यापीठ उभं केलं आणि शंभराव्या वर्षी भारतरत्न घेतलं. पण आज मला बाकीच्या कर्व्यांबद्दल बोलायचंय. आडनाव एका माणसामुळे एवढं मोठं झालं, की बाकीचे त्यात बुडून गेले.

‘कर्व्यांनी संततिनियमनाचा प्रचार केला’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे असते महर्षींची पांढरी दाढी! अहो, ते काम त्यांच्या थोरल्या मुलाचं, रघुनाथरावांचं. गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंचा असाच संततिनियमनाचा दवाखाना निघाला, तोही याच साली. इथे नसबंदी हा शब्दही कुणी उच्चारत नव्हतं. या प्रचारापायी १९२५ साली विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. तरी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि १९५३ साली मरेपर्यंत चालवलं. लिहायचे तेच, मुद्रितं तपासायचे तेच, आणि पदरचे पैसेही तेच घालायचे. घर चाललं ते बरंचसं पत्नी मालतीबाईंच्या पगारावर. त्यांचं नाव तर आपण घेतच नाही. वाचक पत्रांतून खासगी शंका विचारायचे, हे सरळ उत्तरं छापायचे. त्यावरूनच अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली कोर्टात त्यांचे वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक प्रश्नांना शास्त्रीय उत्तर देणं म्हणजे अश्लीलता कशी, हा त्यांचा मुद्दा होता. खटला हरले, दंड झाला, मासिक मात्र थांबलं नाही. पुरोगामी म्हणवणाऱ्या आपल्या राज्यात हा माणूस वडिलांच्या नावाखाली झाकला जातो, याचा मला राग येतो.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं, तेव्हा बाकीचे भराभर सांगतो. इरावतीबाई या घरच्या सून. ब्रह्मदेशात जन्म, म्हणून नदीचं नाव. बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आल्या, डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्र शिकवलं, ‘युगान्त’ लिहिलं. चिंतामण गणेश कर्वे म्हणजे महाराष्ट्र शब्दकोशातल्या ‘दाते-कर्वे’ जोडीतले. स्पर्धा परीक्षेच्या पोरांना पाठ असलेली १९५५ सालची कर्वे समिती अर्थतज्ज्ञ द. गो. कर्व्यांची, विषय ग्रामोद्योग आणि लघुउद्योग. आणि कृष्णाजी गोपाळ कर्वे! नाशकात कलेक्टर जॅक्सनचा वध झाला, त्या कटात अनंत कान्हेरे आणि विनायक देशपांडे यांच्याबरोबर १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. कान्हेऱ्यांचं नाव तरी लोकांना माहीत असतं.

माझी मागणी साधी आहे. पाटी असो, पाठ्यपुस्तक असो, ग्रंथालयाची सूची असो, नुसतं ‘कर्वे’ लिहू नका. पूर्ण नाव लिहा, खाली एका ओळीत काम लिहा. आणि पुढच्या नव्या रस्त्याला रघुनाथ धोंडो कर्वे हे नाव द्या. त्या अर्जाचे कागद बाहेरच्या टेबलावर ठेवलेत. जाताना सही करून जा.