फुईची पाठ आन् रबरी चेंडू

सकाळचे साडेसहा वाजलेत. हे पारोळा तालुक्यातलं, बोरी नदीच्या जवळचं गाव आणि ही माझी फुई. फुई म्हणजे आत्या, आमच्या खान्देशात आत्याला फुईच म्हणतात. दिवस कापसाच्या वेचणीचे चालू आहेत, थोड्या वेळात ती डबा घेऊन शेतात जाईल. पण त्याआधी बघा ती काय करतेय ते. घराच्या भिंतीला पाठ लावून उभी आहे, खांद्यावरून नातवाच्या शाळेचा पांढरा मोजा लोंबतोय, मोज्याचं टोक तिने मुठीत धरलंय, आणि त्या मोज्यात पाठीमागे एक रबरी चेंडू आहे. फुई डोळे मिटून हळूच गुडघे वाकवते, चेंडू दोन बोटं वर सरकतो, आणि ती थांबते. आठे, म्हणते, आठेच. म्हणजे इथे, इथेच.

ह्या एवढ्याशा चेंडूवर व्हिडिओ काय करायचा असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. मला तर वाटतं करायलाच पाहिजे, कारण दुखणारी पाठ आमच्याकडे घरोघरी आहे आणि ती कोणी मोजत नाही.

वेचणी कशी असते ते ज्याने केली त्यालाच माहीत. कमरेला ओटी बांधायची, बोंडातून कापूस काढायचा, ओटीत टाकायचा, परत पुढचं झाड. मान सारखी खाली, हात सारखे पुढे, आणि ओटी भरत गेली की सगळं वजन पोटापुढे लटकतं, मग त्याला सांभाळायला पाठ मागे ओढ घेते. मजुरी किलोवर मिळते, म्हणून कोणी मध्ये थांबत नाही. संध्याकाळी घरी आलं की मानेपासून दोन्ही फऱ्यांच्या मधे, फरा म्हणजे खांद्यामागचं ते चपटं तिकोनी हाड, तिथे कोणीतरी खुंटी ठोकल्यासारखं वाटतं. फुईला हे दरवर्षी दिवाळीनंतर व्हायचं, उजव्या बाजूला जास्त.

आता ह्याच्यावर आपल्याकडे उपाय नव्हते असं नाही बरं का. उसण भरली की पायाळू माणसाला बोलवायचे, पाठीला त्याचा पाय लावून घ्यायचे. मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकायचे. आणि सगळ्यात भारी उपाय म्हणजे पाठ तुडवून घेणे. माझे वडील शेतातून आले की ओसरीवर पालथे पडायचे आणि मला म्हणायचे चढ. मी पाच-सहा वर्षांचा असेन, भिंतीला हात धरून त्यांच्या पाठीवर चालायचो, ते मधेच म्हणायचे थांब, तिथेच उभा राहा. त्या थांबण्यातच सगळं होतं हे मला आता कळतंय. चेंडूचं काम पण हेच आहे, दुखरी जागा शोधायची आणि तिथे थांबायचं, फक्त पोराला तुडवायला लावलं की त्याचं वजन आपल्या हातात नसतं, पाय घसरून मणक्यावर पडला तर पडला, आणि चेंडूचा दाब मात्र आपला आपण कमी-जास्त करता येतो. भिंतीवर जोर दिला की वाढला, पाय भिंतीजवळ घेतले की कमी झाला.

चेंडू कोणता घ्यायचा? ऑनलाइन मसाज बॉल म्हणून जे मिळतात त्यातले बरेचसे लॅक्रॉस नावाच्या खेळाच्या चेंडूसारखे असतात. तो खेळ मूळचा उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींचा, आपल्याकडे फारसा कोणी खेळत नाही, पण त्याचा चेंडू भरीव रबराचा असतो, साधारण सव्वासहा सेंटीमीटर आडवा आणि वजन दीडशे ग्रॅमच्या आत, म्हणून तो दबत नाही आणि घसरत पण नाही. टेनिस बॉल आकाराने जवळजवळ तेवढाच, पण आतून पोकळ, वजन 60 ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे तो दबतो. वयस्कर माणसाने, अंगात मांस कमी असेल त्याने, टेनिस बॉलनेच सुरुवात करावी. आम्ही फुईला पहिले पंधरा दिवस तोच दिला. लेदरचा क्रिकेट बॉल काही लोक वापरतात, मला तो आवडत नाही, त्याची शिवण टोचते आणि तो फार कडक पडतो.

पहिल्या दिवशी फुईने चेंडू हातात घेऊन बघितला आणि म्हणाली, हाऊ त पोरेस्ना चेंडू शे, म्हणजे हा तर पोरांचा चेंडू आहे. मग भिंतीला लावला तर आमची भिंत मातीची, जोर दिला की पोपडे सुटायचे, चेंडू पांढरा, फुईचं ब्लाउज पांढरं. मग भिंतीवर गोणपाट लावलं, खिळ्याला अडकवून, ते अजून तिथेच आहे, बघा मागे दिसतंय. आणि मोजा ही युक्ती तर फारच कामाची, कारण चेंडू पाठीमागून निसटला की वाकून उचलायचा आणि ज्याची पाठ धरलीय त्यालाच ते जमत नाही. मोजा लांब पाहिजे, टोक हातात राहिलं पाहिजे, म्हणजे चेंडू पाहिजे तिथे वर-खाली करता येतो.

आता जवळून बघा. पाय भिंतीपासून एक फूटभर पुढे. चेंडू मणक्यावर नाही, मणका आणि फरा ह्यांच्या मधल्या मांसावर. मणक्याच्या हाडावर चेंडू कधीच ठेवायचा नाही. गुडघे थोडे वाकवले की चेंडू आपोआप पाठीवर फिरतो, भराभर नाही, अगदी हळू, आणि फिरता फिरता एक जागा अशी येते की माणूस आपसूक श्वास धरतो. तीच जागा. तिथे थांबायचं, आणि धरलेला श्वास सोडायचा. नाकाने घ्यायचा, तोंडाने लांब सोडायचा, असे पाच-सहा श्वास, म्हणजे अर्धा मिनिट, फार तर एक मिनिट. मग फुई काय करते बघा, उजवा हात डाव्या खांद्यावर नेते, स्वतःलाच मिठी मारल्यासारखा, त्याने फरा बाजूला सरकतो आणि त्याच्याखाली लपलेलं मांस चेंडूखाली येतं. हे कोणी सांगितलं नसतं तर माझ्या लक्षात आलं नसतं, आणि फरक सगळा ह्यानेच पडतो.

किती दुखू द्यायचं हा खरा प्रश्न आहे. फिजिओथेरपीवाले विचारतात दहापैकी किती दुखतं. फुईला ते दहापैकी काही कळेना, मग तिला सोळा आण्यांत विचारलं. तिने लगेच सांगितलं, आठ आणे. बस, तेवढंच चालेल. आठ आण्याला थांबायचं, दाब न वाढवता श्वास सोडत राहायचं, तेच दुखणं हळूहळू पाच आण्यावर, चार आण्यावर येतं. बारा आणे झालं, चेहरा वाकडा झाला, दात आवळले, की ओळखायचं दाब जास्त आहे, कारण अंग स्वतःला वाचवायला अजून घट्ट होतं आणि मग चेंडू लावून उपयोग काय.

लोकांना वाटतं चेंडूने गाठ फुटते. तसं काही फुटत नाही. बोटाला जे गाठीसारखं लागतं ती काही सुताची गाठ नाही की दाबली आणि सुटली. अशा दुखऱ्या जागांना ट्रिगर पॉइंट हे नाव रूढ केलं ते अमेरिकेतल्या डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल ह्यांनी, ह्याच बाई पुढे 1961 मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या डॉक्टर झाल्या, केनेडींना पाठीचा भयंकर त्रास होता. त्या जागेत नेमकं काय घडतं ह्यावर डॉक्टरांचं आजही एकमत नाही. पण दाब दिला की बरं का वाटतं, तर त्याचा मोठा भाग नसांचा आहे. कातडीतून, स्नायूतून दाबाचा निरोप मेंदूकडे जातो, श्वास लांब झाला की सगळं अंगच जरा सैल पडतं, आणि तिथला ताण, तिथली दुखरी जाणीव काही वेळ उतरते. काही वेळ, हे लक्षात ठेवा. मान थोडी जास्त वळते, हात थोडा जास्त वर जातो, पण कायमचं नाही. म्हणून फुई चेंडू झाल्यावर लगेच खांदे गोल फिरवते, मान दोन्हीकडे वळवते, आलेली मोकळीक वापरून घेते. आणि ते लॅक्टिक ॲसिड साचलं म्हणून दुसऱ्या दिवशी अंग दुखतं असं जिममध्ये सांगतात ते पण खरं नाही, ते काम थांबल्यावर तासाभरातच निघून गेलेलं असतं.

आता आपण अमळनेरला आलोय. बोरीच्याच काठचं शहर. हे शिंपीकाका, लग्नसराईत रात्री अकरापर्यंत मशीनवर बसतात. ह्यांचं दुखणं वेगळं, मान तर आहेच, पण उजवा तळहात कात्रीने आणि दोन्ही तळपाय पायमशीनने. काका चेंडू कापायच्या टेबलावर ठेवतात, त्यावर अंगठ्याखालचा मांसल भाग ठेवतात आणि दुसऱ्या हाताने वरून दाबतात. पायासाठी खुर्चीत बसूनच, चप्पल काढून, टाचेच्या पुढून बोटांच्या मुळापर्यंत हळू फिरवायचा, एका पायाला दोन मिनिटं. उभं राहून सगळं वजन पायाखालच्या चेंडूवर टाकायचं नाही. काका म्हणाले, मशीनला तेल देतो तसं पायाला हे. मला ते फार पटलं.

इथे एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. शुगर असेल तर तळपायाला चेंडू लावायच्या आधी डॉक्टरांना विचारा. शुगरमुळे पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, मग किती दाब पडतोय ते कळत नाही, आणि छोटी जखम झाली तर ती लवकर भरत नाही.

तिसरे आमचे एक एसटी ड्रायव्हर भाऊ, ते कॅमेऱ्यासमोर आले नाहीत, त्यांचं फक्त सांगतो. धुळ्याहून नवापूरकडे गाडी नेतात, मधे कोंडाईबारीचा घाट, क्लच आणि ब्रेक, क्लच आणि ब्रेक. त्यांचं दुखणं बसण्याच्या जागेचं, एका बाजूला, आणि खिशात जाडं पाकीट. पहिलं काम पाकीट काढायला लावलं. मग भिंतीला आडवं टेकून कुल्ल्याच्या बाहेरच्या, वरच्या भागात चेंडू.

हे मी आधी चुकीचं केलं होतं. मला वाटलं जास्त वजन दिलं तर जास्त फायदा, म्हणून फरशीवर चेंडू ठेवून त्यावर बसलो, मोबाईल बघत दहा-बारा मिनिटं. उठलो तर पाय मांडीपासून खाली बधिर, मुंग्या, आणि दुसऱ्या दिवशी तिथे निळा डाग, पुढचे तीन दिवस नीट बसता येईना. कुल्ल्याच्या खोल भागातून पायाची सगळ्यात मोठी नस जाते, सायटिका म्हणतात ती हीच, आणि मी तिच्यावरच बसलो होतो. तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो, मुंग्या आल्या, झटका गेला, बधिर झालं, की चेंडू लगेच काढायचा. स्नायूचं दुखणं जड, मुरलेलं असतं, नसेचं दुखणं विजेसारखं पळतं, फरक लगेच कळतो.

आणि कुठे लावायचाच नाही ते पण ऐका. गळ्याच्या पुढच्या आणि बाजूच्या भागाला नाही. काखेत नाही, गुडघ्याच्या मागच्या खळग्यात नाही. पाठीत बरगड्या संपतात त्याच्या खाली दोन्ही बाजूला किडन्या असतात, तिथे नाही. ताजी लचक, सूज, जखम असेल तर नाही. पिंढरीवर फुगलेल्या निळ्या नसा असतील तर त्यांच्यावर नाही. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील, हाडं ठिसूळ झाली असतील, गरोदरपण असेल तर आधी डॉक्टर. एकाच पायाची पिंढरी अचानक सुजली, गरम लागते, दुखते, तर ती चोळायची नाही, चेंडू तर अजिबात नाही, आत रक्ताची गुठळी असू शकते, सरळ दवाखाना गाठायचा. छातीत दाब, डाव्या हातात कळ, घाम, असं असेल तर खांदा आखडला असेल म्हणत भिंतीला टेकत बसू नका. आमच्या ओळखीत एका माणसाने गॅस समजून रात्र काढली होती, म्हणून हे जरा जोरात बोलतोय. आणि रात्री झोपमोड करणारं, ताप किंवा वजन कमी होण्यासोबत येणारं पाठीचं दुखणं चेंडूचं नाहीच.

परत फुईकडे. किती वेळ झाला? मोजून सात मिनिटं. उजवीकडच्या तीन जागा, डावीकडची एक. रोजचं एवढंच आहे. चेंडू आला म्हणून वेचणी हलकी झाली नाही हे मला माहीत आहे, ओटीचं वजन तेवढंच आहे, म्हणून आता ती ओटी गच्च भरायची वाट बघत नाही, अर्धी झाली की बांधावरच्या गोणीत रिकामी करते. येण्या-जाण्यात वेळ जातो, त्या दिवसाचे किलो थोडे कमी भरतात. पहिल्या आठवड्यात तिला ते परवडेना. मग शेजारच्या दोघी बायका पण तसंच करायला लागल्या.

आते कसं वाटस, मी विचारलं.

जरासं हलकं वाटस, फुई म्हणाली. मोजा काढला, त्याला गाठ मारली, चेंडू देवळीत दिव्याच्या बाजूला ठेवला, आणि डबा घेऊन निघाली. दारातून परत वळली. शेजारनी येवाव शे, म्हणाली, तिले दाखाडजो, पन मऊवाला चेंडू दे.