फ्रेडीचं पिवळं जॅकेट आणि मुंढा

पसरणीचा घाट चढलं की पाचगणी, आणि तिथल्या सेंट पीटर्स शाळेतला फारोख बलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे क्वीन या रॉक बँडचा गायक झाला, हे वाईकरांना मी सांगायला नको. शाळेत तो बॉक्सिंग करायचा, हेही तुम्हीच मला ऐकवाल. म्हणून थेट जॅकेटवर येतो. क्वीनच्या १९८६ च्या मॅजिक टूरसाठी डायना मोझली यांनी ते डिझाइन केलं. पिवळंधमक, कमरेशी संपणारं, उभ्या कॉलरचं; छातीवर आडव्या पट्ट्या आणि बकलं. खाली पांढरी पँट, तिच्या दोन्ही बाजूंना वरपासून खालपर्यंत लाल पट्टा. ११ आणि १२ जुलैच्या लंडनमधल्या वेम्ब्ली स्टेडियमच्या कार्यक्रमांतला तो उगारलेला हात डोळ्यासमोर आणा. त्या हातावर, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या मुंढ्यावर मला बोलायचंय.

पण आधी माझी तक्रार. गॅदरिंग आलं की पोरं विचारतात, "काका, फ्रेडी करायचाय, परवा प्रयोग आहे." परवा! मग ती ड्रेपरीवाल्याकडे जातात. तो काय देतो? वरातीच्या बँडचा पिवळा सॅटिनचा कोट. खांद्यावर झुपके, छातीवर सोनेरी दोर, बगलेत आधीच्या तीन बँडवाल्यांचा घाम. एका पोरानं तो घालून स्टेजवर जोरात हात उगारला. हाताबरोबर अख्खा कोट वर! कॉलर कानावर, बनियन बाहेर, गाण्याकडे कुणाचं लक्ष नाही. मागच्या रांगेतल्या आजी मोठ्यानं म्हणाल्या, "अगं बाई, पोराला हँगरला अडकवलंय का?" (हसा, हसा. मी तेव्हा हसू शकलो नव्हतो. मेकअप माझा होता.)

बँडच्या कोटाला मी नावं ठेवत नाही. त्याचं आणि फ्रेडीच्या जॅकेटचं कूळ एकच, युरोपातला लष्करी गणवेश. त्यात हंगेरीचे घोडेस्वार, हुसार, सगळ्यांत नटवे. खोगिरावर घोळ नको म्हणून अंगरखा आखूड, आणि छातीवर दोरांच्या आडव्या रांगा. फ्रेडीच्या छातीवर त्या दोरांच्या जागी पट्ट्या आणि बकलं आली, असं माझं मत. आणि त्याच टूरमध्ये, २७ जुलैला, क्वीन हंगेरीतल्या बुडापेस्टला गायले. म्हणजे थेट हुसारांच्या राजधानीत! यावर मी तासभर बोलू शकतो, पण...

आयोजकांची चिठ्ठी आली. पाचच मिनिटं उरलीत. बरं, मुंढा राहिलाच, आता धावतं सांगतो.

तयार कोटाचा मुंढा खोल असतो, कारण तो दहा जणांच्या अंगात जायला हवा. खोल मुंढ्यात बाही थेट कोटाच्या कुशीला, म्हणजे बगलेखालच्या बाजूला बांधली जाते. हात उचलला की कूस ओढली जाते. म्हणून मुंढा वर, बगलेच्या जवळ कापा. बाहीचा माथा, म्हणजे खांद्याकडचा गोलवा, बुटका ठेवा, बाही थोडी रुंद. तरी ओढलं तर बगलेत कळी, म्हणजे कापडाचा जादा तुकडा, घाला. आधी मांजरपाटात शिवून बघा, पिवळं कापड नंतर. छातीला आतून कॅनव्हास लावा, नाहीतर बकलांच्या वजनानं पुढचा भाग लोंबतो. पट्ट्या अगदी शेवटी, ट्रायल झाल्यावरच. आणि ट्रायलला पोराला शाळेच्या प्रार्थनेसारखं उभं करू नका. एका हातात माइकचा अर्धा दांडा, दुसरी मूठ वर. कॉलर कानाला लागली की उसवा.

पिवळा नक्की कुठला, हे विचारणाऱ्यांनी चहाला थांबा. त्यावर माझं दोघांशी भांडण चालू आहे आणि दोघंही इथेच बसलेत.