खूण घालून ठेवलेलं पान

नमस्कार श्रोतेहो.

"उन्हाळ्याची सुट्टी लागली, आता काय, मस्त वाचन करत असशील!" असं मला कुणी म्हटलं की मी नुसती हसते. सुट्टी मुलांना लागते. आईच्या घरात दोन माणसं वाढतात, तीही दिवसभरासाठी, आणि दोघांनाही दर दहा मिनिटांनी कंटाळा येतो.

मागच्या सुट्टीत मी एकदा गंमत म्हणून मोजलं. भर दुपारी पडदे ओढून, पंख्याखाली पुस्तक घेऊन बसले. पान एकच. पहिल्या परिच्छेदाला धाकट्याला चिकटपट्टीचं टोक सापडेना. दुसऱ्या परिच्छेदाला थोरलीचा काळा टी-शर्ट हरवला, तो तिच्या अंगाखालीच निघाला. तिसऱ्याला आतल्या खोलीतून आवाज आला, "अगं, आपली कात्री कुठे असते?" कात्री आमच्या लग्नापासून एकाच खणात आहे. पान उलटायला मला पाऊण तास लागला, आणि उलटल्यावर मागचं काय होतं ते आठवेना म्हणून परत मागे गेले.

तेव्हापासून उन्हाळ्यासाठी पुस्तक निवडताना मी एकच गोष्ट बघते. मध्येच खाली ठेवलं तर ते रुसतं का? काही पुस्तकं फार मानी असतात. दोन दिवस उघडली नाहीत तर ओळखच दाखवत नाहीत. नावं आठवत नाहीत, कोण कुणाचा काका ते कळत नाही. अशी पुस्तकं मी मुलांच्या शाळा सुरू झाल्यावर वाचते. उन्हाळ्यात मला शेजारणीसारखं पुस्तक लागतं. दारात उभं राहून पाच मिनिटं बोलावं, आतून हाक आली की "आलेच हं" म्हणून जावं, आणि परत आल्यावर गप्पा तिथूनच सुरू.

या हिशोबात माझ्याकडे पहिला नंबर लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चा. 1934 ते 1936 या काळात चार भागांत आलेलं हे आत्मचरित्र कुठेही उघडावं. नवरा न सांगता घरातून निघून गेलाय, हातात पैसा नाही, आणि ही बाई ते सगळं सांगताना स्वतःवरच हसतेय. कधी शाळेची पायरी न चढलेली बाई इतकं सरळ आणि खट्याळ लिहिते, की आपण जे लिहितो ते फाडून टाकावंसं वाटतं. एक प्रसंग वाचायला जितका वेळ लागतो, तितक्यात वॉशिंग मशीनचं एक चक्र होतं. हे मी अनुभवावरून सांगते.

उलट टोकाला अगाथा ख्रिस्ती. तिची पुस्तकं मला प्रिय आहेत आणि उन्हाळ्यात ती घातक आहेत. 1939 सालची ती कादंबरी तुम्हाला माहीत असेल, एका बेटावर दहा माणसं येतात आणि एकेक करून मरायला लागतात. सातवं माणूस मरेपर्यंत गॅसवरच्या पातेल्याचा तळ काळा झाला होता. धुराचा वास आला तेव्हा मी मनात कुणावर संशय घ्यावा याचा विचार करत होते. धाकटा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "आई, तू मला रागावतेस ना, लक्ष नसतं म्हणून?" यावर उत्तर नव्हतं. पातेलं मी दोन दिवस घासत होते.

पण घासता घासताच मला ख्रिस्तीबद्दलची एक गोष्ट आठवली आणि जरा बरं वाटलं. तिच्या मृत्यूनंतर, 1977 मध्ये तिचं आत्मचरित्र आलं. त्यात ती सांगते, की कितीतरी वर्षं लिहायची म्हणून तिची वेगळी खोली नव्हती. जेवणाचं टेबल दोन जेवणांच्या मधे रिकामं असेल तेव्हा त्याच्यावर टाइपरायटर ठेवायचा, की झालं. म्हणजे ती दहा माणसंसुद्धा बहुधा अशीच, टेबल रिकामं असताना मेली असणार.

मुलांना मोठ्याने वाचून दाखवायचं पुस्तक हे वेगळं प्रकरण. ते दुपारचं असतं, जमिनीवर आडवं पडून, आणि ते सगळ्यांना चालावं लागतं. तेरा वर्षांच्या मुलीला "बालिश" वाटून चालत नाही आणि सात वर्षांच्या मुलाला झोप येऊन चालत नाही. आमच्याकडे यावर 'तोत्तोचान' चालतं. तेत्सुको कुरोयानागी यांचं हे पुस्तक जपानमध्ये 1981 साली आलं. प्रकरणं दोन-तीन पानांची, त्यामुळे "अजून एक" म्हणायला सगळ्यांनाच परवडतं. पहिलीतच शाळेतून काढून टाकलेली मुलगी. गुन्हा काय, तर डेस्कचं झाकण सारखं उघडायची आणि मिटायची, खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या वादकांना हाका मारायची. मग तिला अशी शाळा मिळते, जिथे वर्ग रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरतात. पहिल्या दिवशी मुख्याध्यापक कोबायाशी तिला म्हणतात, तुला जे सांगायचंय ते सांग. आणि चार तास ऐकून घेतात.

चार तास! मी वाचताना इथे थांबले, तर धाकट्याने लगेच विचारलं, "तू किती वेळ ऐकशील?" मी म्हटलं, बोल. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून सुरुवात केली. डायनोसॉर, मित्राच्या सायकलची घंटा, स्वप्नात आलेला खड्डा, परत डायनोसॉर. अकराव्या मिनिटाला मी "हं, हं" करत पायाने फरशीवरचे रंगीत खडू गोळा करायला लागले, आणि त्याने ते पाहिलं.

त्या पुस्तकात मला मात्र मुख्याध्यापकांपेक्षा आई जास्त आवडते. ती फारशी दिसत नाही. तुला पहिल्या शाळेने काढून टाकलं होतं, हे तिने मुलीला वीस वर्षांची होईपर्यंत सांगितलंच नाही. दुसऱ्या शाळेत जाऊन बघायचं का, एवढंच विचारलं होतं. आमच्याकडे परीक्षेत गेलेला अर्धा मार्क संध्याकाळपर्यंत मावशीला कळलेला असतो, आणि सांगणारी मीच असते.

लहानपणी वाचलेलं परत वाचायलाही उन्हाळा बरा, कारण गोष्ट माहीत असते, दमछाक होत नाही. यंदा मी 'चौघीजणी' काढलं. लुईझा मे अल्कॉटच्या कादंबरीचा शांता शेळके यांनी केलेला अनुवाद. मूळ पुस्तकाचा पहिला भाग 1868 चा. लक्ष्मीबाईंचा जन्मही त्याच वर्षीचा, हा निव्वळ योगायोग, पण मला तो आवडतो. गोष्ट चार बहिणींची. शाळेत असताना मी अर्थातच त्यातली तापट, लिहिणारी ज्यो होते. आपण सगळ्याच ज्यो असतो, मेग व्हायला कुणीच तयार नसतं. बहिणीने वही जाळल्यावर ज्योचा तो राग मला शब्दन्‌शब्द कळायचा. त्याच प्रकरणात पुढे आई ज्योला एक गोष्ट सांगते, ती मी तेव्हा वाचलीच नव्हती बहुतेक. ती सांगते, की मलाही आयुष्यात जवळजवळ रोज राग येतो. फक्त तो दिसू द्यायचा नाही, हे मी शिकलेय. गोष्टीतली ती शांत, समंजस, सगळ्यांना कवेत घेणारी आई, आणि रोज राग! मी पुस्तक उपडं ठेवलं आणि बराच वेळ बसून राहिले. त्या दिवशी मला सकाळपासून तीनदा आला होता, आणि तिन्ही वेळा चांगला दिसला होता.

आता सध्या चालू आहे ते पुस्तक. तोवे यान्सन या फिनलंडच्या लेखिकेचं, 1972 चं. मी इंग्रजी अनुवादातून वाचतेय. त्याचं नावच 'द समर बुक'. एक आजी, एक नात सोफिया, आणि एक छोटंसं बेट. बाबा आहेत, पण ते सदा टेबलाशी काम करत बसलेले. कथानक असं काही नाही. शेवाळावर पाय द्यायचा नाही, आजीची कवळी झाडीत पडली ती शोधायची, दोघींनी भांडायचं. यापेक्षा न रुसणारं पुस्तक मी पाहिलं नाही. आणि या सगळ्यात, सुरुवातीलाच, एका वाक्यात ओझरतं येऊन जातं, की सोफियाला झोपायला स्वतंत्र पलंग मिळालाय, कारण तिची आई वारली आहे. बस. लेखिका तिथे क्षणभरही रेंगाळत नाही.

त्या पानात मी खूण म्हणून केसांची पिन घालून ठेवली होती. परवा दुपारी बघते तर थोरली माझ्या जागेवर आडवी पडून तेच पुस्तक वाचत होती. मला बघून उठली नाही. जरा वेळाने पानावरची नजर न काढता सरकली आणि माझ्यासाठी जागा केली. मी शेजारी टेकले. पंख्याचा आवाज, बाकी काही नाही. तिचं डोकं माझ्या दंडाला लागलं.

तेवढ्यात बाथरूममधून धाकटा ओरडला, "आई! टॉवेल!"

ती म्हणाली, "तू बस. मी देते."

आणि पिन त्याच पानात परत घालून उठली.