आतड्याचा जोड आणि पाचवा दिवस

मंडळी, सायकलचं पंक्चर काढताना आपण सगळ्यांनी पाहिलंय. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवायची, दाबायची आणि बुडबुडे कुठून येतात ते बघायचं. गुदाशयाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये आम्ही अगदी हेच करतो. गाठीचा भाग काढला, वरचं मोठं आतडं खाली आणून स्टेपलरने जोडलं, की ओटीपोटात सलाइन ओततो. सहकारी खालून गुदद्वारातून हवा भरतो आणि आम्ही त्या पाण्याकडे टक लावून उभे राहतो. बुडबुडा आला नाही की जीव भांड्यात पडतो.

काही वर्षांपूर्वी अशीच बुडबुडा न आलेली एक केस माझ्या हातून झाली. साठीचे शेतकरी काका. चौथ्या दिवशी पेज प्यायले, मुलीचा हात धरून वॉर्डात दोन फेऱ्या मारल्या. पाचव्या दिवशी सकाळी नाडी 118. ताप नावापुरता, पोट मात्र फुगलेलं. दुपारी ड्रेनच्या नळीतलं पाणी गढूळ झालं आणि त्याला वास येऊ लागला. तो वास ओळखायला कुठल्याही सर्जनला रिपोर्ट लागत नाही. रात्री पोट पुन्हा उघडलं, आतली घाण धुऊन काढली, पोटावर शौचाची पिशवी लावली. काका वाचले, पण घरी जायला दीड महिना लागला. त्यांच्या मुलीने मला विचारलं, "डॉक्टर, टाके नीट पडले होते ना?" पडले होते. मग जोड उसवला कसा? आजचं बोलणं या प्रश्नावर आहे, कारण त्याचं उत्तर कळल्याशिवाय, जोड भरून यावा म्हणून स्टेम सेलकडून, म्हणजे मूळपेशींकडून, नेमकं काय मागायचं हे कळत नाही.

आतडं जोडायचा प्रयत्न फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत छिद्रोदराच्या उपचारात फाटलेल्या आतड्याच्या कडा काळ्या मुंग्यांकडून चावून धरायच्या आणि मुंग्यांची डोकी तिथेच ठेवायची, असं सांगितलंय. आजचा स्टेपलर त्याच कामासाठी आहे. 1826 साली फ्रान्समध्ये लाँबेरने आतड्याची बाहेरची बाजू बाहेरच्या बाजूला भिडवून शिवायला शिकवलं. 1887 साली अमेरिकेत हॅल्स्टेडने कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं, की टाका धरून ठेवतो तो श्लेष्मल अस्तराखालचा थर. दिसायला पातळ आणि पांढुरका, पण कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांनी विणलेला. आतड्याची सगळी ताकद त्या थरात असते.

आणि गोम तिथेच आहे. जोड केल्यावर पहिले तीन-चार दिवस शरीर तिथलं जुनं कोलॅजेन विरघळवत असतं. सूज येते, पांढऱ्या पेशी धावून येतात, त्यांची विकरं, म्हणजे एन्झाइम, जखम साफ करताना हे धागेही कापतात. नवं कोलॅजेन पुरेसं साठायला पाचवा-सहावा दिवस उजाडतो. मधल्या काळात जोड फक्त टाक्यांच्या जिवावर उभा असतो, आणि टाका ज्या कापडात आहे ते कापडच विरलेलं असतं. त्यात रक्तपुरवठा कमी असेल, पेशंट तंबाखू ओढणारा असेल, अंगात प्रथिनं कमी असतील, आधी रेडिएशन झालं असेल, तर हा काळ लांबतो. शिवाय आतड्यात जंतू असतातच. 2015 साली शिकागो विद्यापीठातल्या गटाने उंदरांवर दाखवलं, की एन्टेरोकोकस फीकॅलिस हा आतड्यातलाच जंतू स्वतः कोलॅजेन तोडतो आणि शरीराच्या विकरांनाही चेतवतो. गुदाशयाच्या अगदी खालच्या जोडात साधारण दहातल्या एकाला गळती होते. हाताच्या कसबाने हा आकडा खाली येतो, शून्यावर मात्र येत नाही.

आता स्टेम सेलकडे येऊ. इथे दोन वेगळ्या पेशींची गल्लत होते. आतड्याच्या अस्तरात, सूक्ष्म खळग्यांच्या तळाशी, आतड्याच्या स्वतःच्या मूळपेशी असतात. त्यांची खूण नेदरलँड्समध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेने 2007 साली पटवली. त्या चार-पाच दिवसांत सगळं अस्तर नवं करतात. विलक्षण गोष्ट आहे ही, पण आपल्या जोडाला ती पुरत नाही. अस्तर म्हणजे भिंतीचा रंग, आणि आपली अडचण विटांची आहे.

जोडासाठी ज्यांचा विचार होतो त्या दुसऱ्या, मेसेन्कायमल नावाच्या मूळपेशी. फ्रीडेनस्टाइन या रशियन शास्त्रज्ञाने त्या अस्थिमज्जेत दाखवल्या. 2001 नंतर त्या पोटाच्या चरबीतूनही मिळू लागल्या. या पेशी जखमेत जाऊन नवं आतडं बनवतात, असा समज आहे. तसं होत नाही. टोचलेल्या बहुतेक पेशी थोड्याच दिवसांत नाहीशा होतात. पण असेपर्यंत त्या रासायनिक निरोप सोडत राहतात: सूज आवरा, नव्या रक्तवाहिन्या फुटू द्या, भक्षक पेशींनो, तोडफोड थांबवून डागडुजीला लागा. आपला नाजूक काळ पहिल्या आठवड्याचा आहे, आणि या पेशींचं आयुष्यही साधारण तेवढंच. मला या कल्पनेची ओढ लागली ती इथे.

रक्तपुरवठा मुद्दाम कमी केलेल्या उंदरांच्या आतड्यांवर काही प्रयोगांत जोड जास्त दाब सोसू लागला. पण 2008 साली माद्रिदच्या सर्जननी या पेशी लावलेल्या धाग्यानेच उंदरांची आतडी शिवली, तेव्हा जोड जास्त मजबूत झाला नाही. आतडी एकमेकांना चिकटणं तेवढं कमी झालं. असे निकाल निराश करतात, तरी ते मोकळेपणाने छापले गेले याचं मला मोल वाटतं.

माणसांवरचा सगळ्यात मोठा अनुभव जोडाच्या शेजारच्या आजाराचा आहे: क्रोन्स या आतड्याच्या दीर्घकाळच्या दाहाच्या रोगातला भगंदर, म्हणजे आतून गुदद्वाराशेजारच्या त्वचेपर्यंत पडलेला मार्ग. चरबीतल्या 12 कोटी पेशी टोचायचं अलोफिसेल हे औषध 212 रुग्णांच्या चाचणीत उतरलं. 24 आठवड्यांनी औषध घेतलेल्यांत 50 टक्के बरे झाले, न घेतलेल्यांत 34 टक्के. 2018 साली युरोपने मान्यता दिली. माझ्यासारख्यांना वाटलं, आता दार उघडलं. मग त्याहून मोठी चाचणी झाली, आणि तिच्यात दोन्ही गटांत फरकच उरला नाही. 2024 च्या डिसेंबरात हे औषध युरोपच्या बाजारातून मागे घेतलं गेलं. इथे एक बारकावा बघा. पेशी न मिळालेल्या गटालाही नुसतं वाऱ्यावर सोडलेलं नव्हतं. त्यांचाही भगंदराचा मार्ग खरवडून साफ केला होता, आतलं तोंड शिवलं होतं. म्हणजे निगुतीने केलेल्या शस्त्रक्रियेनेच पुष्कळ जण बरे होत होते. आतड्याच्या जोडाची चाचणी कराल तेव्हा ही गोष्ट विसरून चालणार नाही. दहातले नऊ जोड तसेही भरून येतात. उरलेल्या एकासाठी पेशींनी काय केलं, हे कळायला शेकडो रुग्ण लागतील.

आणखी एक काळजी मला झोपू देत नाही. गुदाशयाचे बहुतेक जोड आम्ही कॅन्सरसाठी करतो. नव्या रक्तवाहिन्या फुटू द्या हा निरोप जोडाला मिळतो, तसाच तो मागे राहिलेल्या एखाद्या कॅन्सर पेशीलाही मिळू शकतो. म्हणून माझं मत असं, की माणसांवरचा पहिला प्रयत्न कॅन्सर नसलेल्या रुग्णांवर व्हावा, आणि जोडाच्या वरचं आतडं पोटावर काढून तात्पुरती शौचाची पिशवी लावलेली असताना व्हावा, म्हणजे जोड गळला तरी घाण पोटात पसरणार नाही.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे. भावाच्या जोडाला गळती आहे, आणि एका ठिकाणी स्टेम सेलचं इंजेक्शन देतो म्हणून काही लाख रुपये सांगितलेत. ताई, भारतात आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसारख्या मोजक्या मान्य उपचारांपलीकडे स्टेम सेलचा वापर फक्त चाचणीत करायचा असतो, आणि चाचणीतल्या अशा प्रयोगासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. त्यांना चाचणीचा सीटीआरआय, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा. तो सरकारी वेबसाइटवर कुणालाही बघता येतो. त्यांनी क्रमांक दिला नाही तर पैसे भरू नका. आणि भावाची फाइल घेऊन खाली माझ्याकडे या, सीटी स्कॅनची सीडी असेल तर तीही आणा. पू कुठे साठलाय ते आपण आज बघून घेऊ.