बजेट टायर की परफॉर्मन्स टायर? नेरुळमधलं व्याख्यान, थोडी काटछाट करून

नमस्कार. मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय का? ज्यांना ऐकू येत नाहीये त्यांनी हात वर करा. कोणीच नाही, छान. दोन-तीन जण हसले, बाकीचे अजून चहातच आहेत.

खाली पार्किंगमधून येताना मी वाकून वाकून सगळ्यांचे टायर बघत आलो, शेवटी वॉचमनकाकाच विचारायला आले की साहेब काही हरवलंय का. हरवलं काही नाही, उलट बरंच सापडलं. एका लाल कूपेला पुढे एका कंपनीचे आणि मागे दुसऱ्याच कंपनीचे टायर आहेत, एका गाडीच्या साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीला, चांगला लिंबाएवढा फुगा आलाय आणि मालक इथे निवांत वडा खातायत. नाव घेत नाही, पण जाताना पाम बीच रोडने नका जाऊ, आतल्या रस्त्याने सावकाश जा. स्टेपनी लावून घ्या म्हणालो असतो, पण या गाड्यांना स्टेपनीच नसते, पंक्चरचं किट देतात, आणि फुग्याला ते किट काही करत नाही.

तर विषय दिलाय, स्पोर्ट्स कारला बजेट, म्हणजे स्वस्तातले, टायर घ्यावेत की परफॉर्मन्स, म्हणजे जास्त पकडीचे महाग. चाळीस मिनिटं दिलीयेत, भरपूर झाली.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना निघायचंय ते निघू शकतील. आपल्या ठाणे-नवी मुंबईत टायरला जे पैसे टाकायचे ते ओल्या रस्त्यावर थांबण्यासाठी टाकायचे, स्पीड विसरा. पळवणार कुठे? अटल सेतूवर लिमिट 100, पुणे एक्सप्रेसवेला 100, त्यातही घाटात आणखी कमी, फार तर समृद्धीवर 120. आणि टायरवर अक्षर असतं वाय, म्हणजे 300 किलोमीटर ताशी. ते वाय मित्राला दाखवायचं आणि घोडबंदरला गायमुखच्या चढावर ट्रेलरच्या मागे पहिल्या गिअरमध्ये सरकत राहायचं. टायर किती वजन आणि किती स्पीड झेलेल याचा जो आकडा गाडीच्या कंपनीने दिलाय त्याच्या खाली मात्र जाऊ नका, इन्शुरन्सवाल्यांना निमित्त मिळतं. पण त्याच्या वर जाऊन काही मिळत नाही.

आता थांबण्याचं थोडं गणित, घाबरू नका, शाळेतलंच आहे. गाडी 1400 किलो धरा, एका चाकावर 350, हवा 33 पीएसआय. टायर रस्त्याला टेकतो तो भाग किती? साधारण 150 चौरस सेंटिमीटर, म्हणजे 12 बाय साडेबारा. अशा चार तुकड्यांवर तुमची अख्खी हौस उभी आहे. आता 80 च्या स्पीडने येताय आणि कचकचून ब्रेक मारला. पकडीचा आकडा 0.8 असेल तर गाडी साधारण साडे एकतीस मीटरमध्ये थांबते, 0.6 असेल तर 42 लागतात. साडेदहा मीटर जास्त, यात काय एवढं, असं वाटतं ना? पण पहिली गाडी जिथे उभी राहिली तिथे दुसरी अजून 40 च्या स्पीडने चाललेली असते. मी हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा मलाही पटेना, परत करून बघितलं, बरोबरच आहे, स्पीडचा वर्ग घेतात ना त्यामुळे तसं होतं. 40 ने समोरच्या टेम्पोत घुसणं म्हणजे काय ते सांगायला नको.

हे आकडे नुसते समजण्यासाठी घेतले, कुठल्या ब्रँडचे नाहीत. पण चांगला परफॉर्मन्स टायर आणि कडक रबराचा स्वस्त टायर यांच्यात पावसात पडतो तो फरक याच जातीचा. चांगल्या टायरच्या रबरात सिलिका, म्हणजे वाळूच्या जातीची बारीक पूड, भरपूर असते, ओल्या रस्त्यावर तिचा फायदा होतो. मिशेलिनने 1992 च्या सुमारास ते बाजारात आणलं तेव्हा खरं तर पेट्रोल वाचावं म्हणून आणलं होतं. टायरचा इतिहास असा गमतीचा आहे बरं का. आपल्या भांडुपची सीएट, ठाण्याहून लोकलने जाताना आपण आपलीच समजतो, ती मुळात 1924 ची इटलीतल्या तुरिनची कंपनी, नावात विजेच्या केबलचा उल्लेख आहे, टायरचा नाहीच. असो, मी भरकटतोय, आयोजक घड्याळ बघतायत.

पण ही गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आमच्या ग्रुपमधल्या एकाने, समोरच बसलाय, खाली बघतोय म्हणजे कळलंच असेल, पोर्शेची सेकंड हँड बॉक्सस्टर घेतली. पुढे 235, मागे 265 मिलिमीटर रुंदीचे टायर, एकदम नामांकित कंपनीचे, त्यावर पोर्शेने पास केलेल्या टायरची ती एन वाली खूण, नक्षी भरपूर शिल्लक, आधीचा मालक फक्त रविवारी काढायचा. आमचे महाशय खूश. जूनचा पहिला पाऊस, रस्त्यावर वर्षभराचं तेल आणि धूळ, पाम बीचला सिग्नल लाल झाला, याने ब्रेक मारला, एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, कटकट कटकट करत राहिलं आणि गाडी झेब्रा क्रॉसिंगच्या पार पलीकडे जाऊन उभी राहिली. समोर कोणी नव्हतं हे नशीब. मला फोन, अरे ब्रेक गेले. म्हटलं ब्रेक गेले असते तर एबीएस वाजलं असतं का? जाऊन बघितलं तर साइडवॉलवर डीओटी या अक्षरांच्या पुढे जो कोड असतो त्याचे शेवटचे चार आकडे 1114, म्हणजे टायर बनला 2014 सालच्या अकराव्या आठवड्यात. रबर नखाने दाबलं तर दबेना. रबरातलं तेल उडून जातं, ऑक्सिजन आत शिरतो, टायर कडक होतो, नक्षी जशीच्या तशी आणि पकड संपलेली. आधीच्या मालकाने गाडी कमी चालवली हाच घोटाळा, जास्त चालवली असती तर टायर कधीच गोटा होऊन बदलला असता. मिशेलिनवाले स्वतःच सांगतात, पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही असू दे, काढून टाका.

मग आम्ही निघालो टायर घ्यायला. ठाण्यातलं एक दुकान, नाव सांगत नाही, एसी, सोफा, कॉफीचं मशीन. शेठ म्हणाले साहेब तुमच्या साइझचा इम्पोर्टेड माल आहे, शेवटचा सेट, आजच घ्या. म्हटलं तारीख दाखवा. म्हणाले बसवून देतो मग बघा की निवांत. आता यातली मेख बघा, या टायरला आतली आणि बाहेरची बाजू ठरलेली असते आणि तारखेचा पूर्ण कोड बऱ्याचदा एकाच बाजूला असतो, तो आत गेला की गाडीखाली टॉर्च घेऊन झोपल्याशिवाय दिसत नाही. मी म्हटलं आत्ताच फिरवा. फिरवला. 4019. शेठ म्हणतात साहेब वापरलाच नाहीये तर जुना कसा, गोडाऊनमध्येच होता. तसं त्यांच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे, थंड अंधाऱ्या जागी ठेवलेला टायर हळू म्हातारा होतो, वर्ष-दीड वर्षाचा असेल तर मीही घेतो. पण हा रचून ठेवला होता काचेच्या शोकेसमध्ये, पश्चिमेच्या उन्हात! बरं मग भाव कमी करा. तर इम्पोर्टेडला डिस्काउंट नसतो म्हणे. जून 2020 मध्ये सरकारने टायरची आयात रिस्ट्रिक्टेड यादीत टाकली, लायसन्सशिवाय आणता येईना, तेव्हापासून जुना माल हिऱ्याच्या भावात फिरवायची काही लोकांना सवयच लागली. वर निघताना विचारतात, नायट्रोजन भरू का, चारही चाकांना एक्स्ट्रा. अहो शेठ, साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो, तो मी फुकट घेतो. मित्राने शेवटी दुसरीकडे ऑर्डर देऊन ताजे मागवले, वाट बघितली तेवढे दिवस गाडी कव्हरखाली होती आणि हा रिक्षाने फिरत होता.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. अरे, मुद्दा तर आता सुरू होतोय. ठीक आहे, पळवतो.

बजेट टायर वाईटच असं माझं म्हणणं नाही. ताजा बजेट टायर, चारही एकसारखे, नक्षी पूर्ण, हा जुन्या कडक परफॉर्मन्स टायरपेक्षा पावसात केव्हाही बरा. पण ताज्याला ताजा लावला तर परफॉर्मन्स वाला जिंकतो, आणि स्पोर्ट्स कारचे ब्रेक, सस्पेन्शन त्याच पकडीच्या हिशोबाने बनवलेले असतात. अवघड साइझमध्ये तर बजेट पर्याय मिळतच नाहीत किंवा अनोळखी नावाचे मिळतात, तिथे नको. 17, 18 इंचाच्या सोप्या साइझला मधला रस्ता आहे, आपल्याच कंपन्यांच्या वरच्या रेंज, अपोलोने 2009 ला डच व्रेडेस्टाइन विकत घेतली तिचे टायर बघा, सीएटचे स्पोर्टड्राइव्ह बघा.

ट्रेडवेअरचा, म्हणजे टायर किती टिकेल त्याचा, आकडा कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे एका ब्रँडचे 300 आणि दुसऱ्याचे 300 सारखे समजू नका. पण 200 च्या आसपासचे ट्रॅकवाले टायर घेऊन जुलैत सायन-पनवेल हायवेला जाणं हा शुद्ध वेडेपणा आहे, पाणी काढायला त्यांना खाचाच कमी असतात. कायद्याने 1.6 मिलिमीटर नक्षी चालते, मी 3 ला बदलतो, आणि टायर जितका रुंद तितका पाण्यावर लवकर तरंगतो, त्यामुळे दिसायला बरं म्हणून रुंदी वाढवू नका.

दोनच घ्यायची ऐपत असेल तर नवे मागे, पुढची चाकं इंजिनवर चालत असली तरी मागेच, कारण पुढची घसरली तर गाडी सरळ जाते, मागची घसरली की गाडी गोल फिरते. बॉक्सस्टरसारखी पुढे-मागे वेगळी साइझ असेल तर अदलाबदल होत नाही, मागचे आधी संपणार हे धरूनच बजेट करा. हवा महिन्यातून एकदा सकाळी थंड टायरला तपासा, अलाइनमेंट करून घ्या, खड्ड्यांनंतर तर नक्कीच, नाहीतर महागातला महाग टायर आतल्या कडेने खाल्ला जातो आणि कळतसुद्धा नाही. हो हो, उतरतो, माइक घ्या. लाल कूपेवाले, तुम्ही जरा थांबा.