१८८३ साली टीव्ही रेखाटणारा माणूस: आल्बेर रोबिदा

नमस्कार मंडळी. हे चित्र बघा. भिंतीवर मोठी काच, काचेत रंगमंचावरचा नाच, आणि समोर खुर्चीत बसून तो घरबसल्या बघणारा माणूस. टीव्हीच आहे ना? हे छापलं गेलं १८८३ साली. तेव्हा टेलिफोनलाच जेमतेम सात वर्षं झाली होती!

हे काढणारा आल्बेर रोबिदा. जन्म १८४८, फ्रान्समधलं कोंपिएन्य, सुताराचा मुलगा. नोटरीचं काम शिकायला घातलं होतं, पण हा रमला व्यंगचित्रांत. 'विसावं शतक' ही कादंबरी त्याने लिहिली आणि तिची चित्रंही स्वतःच काढली; वरचं चित्र तिच्यातलंच. त्यात १९५२ चं पॅरिस आहे: आकाशात हवाई टॅक्स्या, नळाने घरोघरी येणारं जेवण, वकिली आणि राजकारण करणाऱ्या बायका. खऱ्या फ्रान्समध्ये बायकांना मताचा हक्क मिळाला १९४४ साली.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट. १८७० मध्ये प्रशिया या जर्मन राज्याच्या फौजांनी पॅरिसला वेढा घातला, तेव्हा रोबिदा शहरातच होता. जे दिसेल ते वहीत उतरवत होता. आपलं शहर उपाशी राहताना, त्यावर तोफगोळे पडताना त्याने पाहिलं. म्हणून १८८७ मध्ये त्याने विसाव्या शतकातल्या युद्धावर पुस्तक काढलं, तेव्हा त्यात विषारी वायू होते, रोगजंतू होते, पाणबुड्या होत्या. पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या ईप्रच्या खंदकांवर क्लोरीन हा विषारी वायू सोडला गेला तो १९१५ साली. म्हणजे २८ वर्षांनी!

त्याचं देशप्रेम जुन्या दगडांवर जडलेलं होतं. फ्रान्सची जुनी गावं, वाकडे लाकडी वाडे, अरुंद गल्ल्या, सगळं त्याने हिंडून रेखाटलं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तर सेन नदीच्या काठावर त्याने कधीच पाडलं गेलेलं जुनं पॅरिस पुन्हा उभं केलं. आणि त्याच्या आणखी एका कादंबरीत फ्रान्सच्या पश्चिमेकडच्या ब्रिटनीचा एक प्रदेश मुद्दाम राखून ठेवलाय. तिथे यंत्रांना बंदी. विजेच्या धावपळीने थकलेली माणसं तिथे विसावा घ्यायला जातात. हे १८९० च्या आसपास सुचणं, मला तर टीव्हीपेक्षाही मोठं वाटतं.

महायुद्ध संपल्यावर, १९१९ मध्ये, सत्तरी ओलांडलेल्या रोबिदाने पुन्हा एक भविष्यकथा लिहिली. तिच्यात हवाई टॅक्स्या नाहीत. युरोप उद्ध्वस्त झालाय, आणि उरलीसुरली माणसं जमिनीखालच्या बिळांत राहतायत.