कॅनच्या उरलेल्या फिती

मघाशी जे वाजवलं ते सगळ्यांना आवडलं असेल, असं मी मुळीच धरून चाललेलो नाही. दहा मिनिटं एक माणूस 'ट्रामची वाट बघताय का?' एवढंच इंग्रजीत विचारत राहतो आणि मागे ड्रम्स जागचे हलत नाहीत. विचारणारा माल्कम मूनी. मूळचा अमेरिकन शिल्पकार, आणि १९६८ साली जर्मनीतल्या कलोनमध्ये सुरू झालेल्या कॅन या बँडचा पहिला गायक. ही फीत चार दशकांहून जास्त काळ कपाटात होती. २०१२ साली 'द लॉस्ट टेप्स' नावाच्या तीन सीडींच्या संचात ती बाहेर आली.

आता, या फिती काही हरवल्या नव्हत्या. वाइलरस्विस्ट गावातल्या एका जुन्या चित्रपटगृहात कॅनचा स्टुडिओ होता. पुढे ग्रोनाउच्या रॉक-पॉप संग्रहालयाने तो अख्खाच्या अख्खा उचलून नेला. तेव्हा कपाटं रिकामी झाली आणि तीसेक तासांचं न वापरलेलं संगीत हाती लागलं. एवढा माल उरतो कसा? बाकीचे बँड दोन-चार गाणी गाळतात. इथे तासच्या तास गाळलेले. मला वाटतं, कॅनचं सगळं मर्म याच प्रश्नात आहे.

ही मंडळी गाणी लिहून स्टुडिओत जात नसत. जमायचं, वाजवायला लागायचं आणि फीत चालू ठेवायची. बास वाजवणारा होल्गर चुकाय आणि कीबोर्डवरचा इर्मिन श्मिट हे दोघं कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेन या प्रयोगशील जर्मन संगीतकाराचे विद्यार्थी. ध्वनिफीत कापून, जोडून रचना करता येते हा संस्कार तिथला. यंत्रं मात्र बेताची. सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांचं काम दोन ट्रॅकवर चाललं. म्हणजे सगळ्यांनी एकत्र वाजवलेलं एकदा फितीवर उतरलं की नंतर गिटार जरा खाली घे, ऑर्गन वर काढ, हा लाड नाही. उरतं एकच, कापणं.

ते कापणं जरा जवळून बघू. पाव इंच रुंदीची फीत. स्टुडिओत ती साधारण सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने पळते. मिनिटाला १२० ठोक्यांची लय धरली, तर एक ठोका भरतो १९ सेंटिमीटर. रिळं हाताने मागेपुढे करत ठोक्याची नेमकी सुरुवात कानाने शोधायची, तिथे पेन्सिलीने खूण करायची, खाचेत फीत बसवून ब्लेडने तिरकी कापायची, दुसरा तुकडा भिडवायचा, वरून चिकटपट्टी. बोटभर इकडेतिकडे झालं तर लय अडखळलीच. कॅनमध्ये हे काम होल्गर चुकाय करायचा.

पण त्याला हे जमलं ते ड्रमवादक याकी लीबेत्साइटमुळे. हा माणूस फ्री जॅझमधून आलेला, म्हणजे जिथे ठेका मोडण्यालाच प्रतिष्ठा. कॅनमध्ये आल्यावर त्याने नेमकं उलट केलं. एकच आवर्तन धरून तो वीस-वीस मिनिटं बसायचा आणि तरी ते निर्जीव व्हायचं नाही. चौथ्या मिनिटाची फीत अठराव्या मिनिटाला जोडा, सांधा कळत नाही.

आपल्याकडे जुन्या मैफलींची खासगी ध्वनिमुद्रणं हातोहात फिरतात. तिथे मैफल पूर्ण असते, फीत तिची फक्त साक्षीदार. कोणी त्यातला विलंबित कापून द्रुताला जोडला तर आपण त्याला घराबाहेर काढू. कॅनचं तसं नाही. तिथे वाजवणं हा कच्चा माल, गाणं ब्लेडखाली तयार होतं. म्हणून कपाटातली फीत नापास झालेली असेलच असं नाही. पुष्कळदा ती नुसतीच न कापलेली असते.

गंमत बघा. १९७२ चा 'एगे बाम्यासी' हा अल्बम, ज्याच्या कव्हरवर भेंडीचा डबा आहे, त्याला ऐन वेळी गाणी कमी पडली. श्मिट आणि नवा गायक दामो सुझुकी बुद्धिबळातून उठतच नव्हते, असं सांगतात. शेवटी एका दूरदर्शन मालिकेसाठी केलेलं आणि जर्मनीत गाजलेलं 'स्पून' शेवटी घालून अल्बम पुरा केला.

उरलेल्या मालाचा संग्रह कॅनने आधीही काढला होता. १९७४ साली 'लिमिटेड एडिशन', प्रती फक्त १५,०००. दोन वर्षांनी त्यात भर घालून दोन तबकड्यांचा 'अनलिमिटेड एडिशन'. त्यात 'एथ्नॉलॉजिकल फोर्जरी सीरिज'मधले तुकडे आहेत, म्हणजे जगभरच्या लोकसंगीताच्या राजरोस नकला, गंभीर चेहऱ्याने क्रमांक देऊन. काही तुकडे अगदीच थिल्लर आहेत, पण संग्रह खेळकर आहे आणि स्वतःला फार मोठं समजत नाही.

'द लॉस्ट टेप्स'चं तसं नाही. गिटारवादक मिखाएल कारोली २००१ मध्येच वारला होता. निवड श्मिटने आणि म्यूट या लेबलच्या डॅनियल मिलरने केली, संपादन जोनो पॉडमोरने. थोडक्यात, फीत जुनी, ब्लेड नवं. माझ्या मते हा संच तीनऐवजी दोन सीडींचा असता तर जास्त बांधीव झाला असता. मैफलींतली ध्वनिमुद्रणं, 'स्पून'चं धरून, भक्तांसाठी ठीक आहेत, पण ज्या संगीताचा अर्धा जीव कापण्यात आहे ते इथे पसरट होतं.

अपवाद एक, 'डेड पिजन स्वीट'. सॅम्युएल फुलरच्या एका चित्रपटासाठीचं हे संगीत. हळुवार सुरू होतं आणि चालता चालता त्यातून 'व्हिटॅमिन सी' या गाण्याचा तो ठेका वर येतो. 'एगे बाम्यासी'वर हेच गाणं साडेतीन मिनिटांचं आहे, इथे त्याच्या तिप्पट. चुकायने तेव्हा ठेका ठेवला आणि बाकीचं सोडून दिलं. इतक्या वर्षांनी ऐकताना मला त्या सोडलेल्या भागाचा मोह पडतो, पण अल्बममध्ये तो बसला नसता हेही कळतं. आता दोन्ही पाठोपाठ लावतो. आधी छोटं, मग मोठं. मधे बोलू नका, प्रश्न नंतर घेऊ.